शेळीचे रंगरूप आणि आनुवंशिकता

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

जालना जिल्ह्यात बियाण्याची महती कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली आणि पुढे या गावाची ओळखच बियाण्यांचे गाव अशी झाली. संकरित कापसाच्या बीजोत्पादनाच्या शेतात कामाला जाणाऱ्या बाया म्हणजे आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या आया, मावश्या आणि वहिनी. संध्याकाळी मादी ओळीतील कळी सोलून तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचा पराग तिला लावायचा आणि खूण बांधायची, हे काम त्या डोळ्यांत तेल घालून करतात. कोणत्या फुलाला कोणाचा पराग लागला, हे तिथे ठाऊक असावेच लागते. नाहीतर सगळ्या हंगामाची मेहनत वाया जाते.

याच बाया घरी येऊन दावणीच्या शेळीला पाला टाकतात. त्या शेळीच्या पोटात वाढणारे करडू कोणत्या बोकडाचे, हे मात्र बहुधा कोणालाच सांगता येत नाही. शेळी चरायला गेली, माजावर होती, रानात कोणता तरी बोकड भेटला, एवढीच माहिती. कापसाच्या फुलाला आपण बाप निवडतो, पण शेळीच्या करडाला बाप निवडत नाही. यात काय नुकसान होते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखिका कला शाखेची आहे, शास्त्र शाखेची नव्हे. परंतु शेरडांच्या घरात वाढल्यामुळे हा विषय परका वाटला नाही. वाचकांनाही तो परका वाटू नये, अशा भाषेत तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. गरिबाची गाय

२०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी एक कोटी सहा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात होत्या. गाय घ्यायला पैसा लागतो, म्हैस ठेवायला पाणी लागते. शेळीला बाभळीचा पाला, बोरीची डहाळी आणि बांधावरचे गवत पुरते. ज्या भागात पाऊस एका वर्षी येतो आणि दोन वर्षे हुलकावणी देतो, तिथे शेळी टिकते. म्हणूनच तिला गरिबाची गाय म्हणतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर असते, पण शेळी बाईची असते. लग्न झालेल्या मुलीला माहेरून एखादी पाठ मिळते, किंवा शेजारणीची शेळी अर्ध्या वाट्याने सांभाळून दोन वर्षांत स्वतःची एक होते. औषधपाणी, वह्यापुस्तके, सणाची साडी अशा खर्चांना नवऱ्यापुढे हात पसरावा लागू नये, यासाठी ते तिचे धन असते. तेव्हा शेळीच्या वंशाचा प्रश्न हा पुष्कळ अंशी खेड्यातल्या बाईच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात शेळीच्या चार जाती प्रसिद्ध आहेत. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या आणि लातूरच्या भागातली उस्मानाबादी. संगमनेर, नाशिक, पुणे या बाजूची संगमनेरी. विदर्भातली बेरारी आणि सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ. आपल्या मराठवाड्यात उस्मानाबादीचा मान मोठा. ही शेळी बहुधा काळी असते, पण तांबडी, पांढरी आणि कबरीही आढळते. बोकडांना बहुतेक शिंगे असतात. माद्यांमध्ये शिंगाच्या आणि भुंड्या असे दोन्ही प्रकार दिसतात. जुळी करडे देण्याबद्दल ही जात नावाजलेली आहे.

२. वाटाण्यापासून करडापर्यंत

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण नेहमी ऐकतो. मूल आईबापांसारखे होते, हे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. पण ते कोणत्या नियमाने होते, हे प्रथम दाखवले ग्रेगोर मेंडेल याने. मेंडेल हा शेतकऱ्याचा मुलगा. ब्रनो येथील मठात राहून त्याने वाटाण्यावर प्रयोग केले, १८६५ साली ते वाचून दाखवले आणि १८६६ साली छापले. त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली तो वारला आणि १९०० साली जगाला त्याच्या कामाचे मोल कळले.

मेंडेलने गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे वाटले. पण त्याच गोल दाण्यांची रोपे वाढवून त्यांचे आपापसांत फलन होऊ दिल्यावर पुढच्या पिढीत ५४७४ दाणे गोल आणि १८५० दाणे सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. मधल्या पिढीत सुरकुती मेली नव्हती, लपली होती.

यावरून असे समजले की, प्रत्येक गुणासाठी जिवाजवळ वारशाचे दोन अंश असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. या अंशांना आपण जनुक म्हणतो. दोन अंश वेगवेगळे असले तर एक वरचढ ठरतो व दिसतो, तो प्रभावी. दुसरा असूनही दिसत नाही, तो अप्रभावी. अप्रभावी गुण दिसण्यासाठी दोन्ही बाजूंनी तोच अंश यावा लागतो. ही जनुके गुणसूत्रांवर ओवलेली असतात. शेळीच्या प्रत्येक पेशीत ६० गुणसूत्रे, म्हणजे ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक बापाचे.

या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, जनावरात जे दिसते तेवढेच ते पुढच्या पिढीला देते असे नाही. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याभोवतीच आहे.

३. रंगाचा घोटाळा

शेळीच्या केसांत मुख्यतः दोन प्रकारचे रंगद्रव्य असते. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळसर. कोणते द्रव्य अंगाच्या कोणत्या भागात किती पडावे, हे अनेक जनुके मिळून ठरवतात. त्यांतल्या अगूटी नावाच्या जनुकाचे शेळीत पुष्कळ प्रकार आहेत. त्यांपैकी पांढरा किंवा फिका रंग आणणारा प्रकार सर्वांत प्रभावी आणि निव्वळ काळा रंग आणणारा प्रकार सर्वांत अप्रभावी ठरतो. कबरेपणा आणि पांढरे ठिपके यांची जनुके पुन्हा निराळी.

याचा परिणाम असा की, पांढऱ्या आईबापांच्या पोटी काळे करडू येऊ शकते. स्वित्झर्लंडची सानेन ही दुधाळ शेळी पांढरीशुभ्र असते, तरी तिच्या कळपात अधूनमधून रंगीत करडे जन्मतात. पांढऱ्या रंगाखाली पिढ्यान्‌पिढ्या लपलेला रंग दोन्ही बाजूंनी आला की उघडा पडतो. पूर्वी अशी करडे काढून टाकत असत. अमेरिकेत त्याच रंगीत करडांची पुढे सेबल नावाची स्वतंत्र जात मानण्यात आली आणि २००५ साली तिला मान्यता मिळाली. ज्या करडाला एकेकाळी खोट म्हणत, तेच करडू जातीचे झाले!

आपल्याकडे रंगावरून व्यवहार पुष्कळ होतात. कोणी नवसाला निव्वळ काळा बोकड शोधतो, कोणी ठिपक्याला नाक मुरडतो. बाजारात व्यापारी काळ्या शेळीवर हात ठेवून ‘अस्सल उस्मानाबादी’ म्हणतो आणि गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते. उस्मानाबादी बहुधा काळी असते हे खरे, पण काळी ती उस्मानाबादी हे खरे नव्हे. रंग ठरवणारी जनुके वेगळी आणि दूध, वजन, जुळी यांना कारण होणारी जनुके वेगळी. केवळ रंग पाहून पैसे मोजणारा रंगाचेच पैसे मोजतो.

४. गलस्तन आणि दाढी

काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन मांसल लोंबते असतात. संस्कृतात त्यांना अजागलस्तन, म्हणजे शेळीच्या गळ्यातले स्तन म्हणतात. दिसतात स्तनांसारखे, पण त्यांतून दूध येत नाही. म्हणून निरुपयोगी गोष्टीला जुन्या पंडितांनी त्यांची उपमा दिली आणि त्यावरूनच मराठीत ‘अजागळ’ हा शब्द आला. भाषेच्या विद्यार्थ्याला शेळीच्या गळ्यात एक शब्द सापडावा, ही मौज आहे.

हे लोंबते प्रभावी जनुकामुळे येतात. म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून ते जनुक मिळाले तरी पुरे. काही ठिकाणी अशी शेळी दुधाला चांगली मानतात. तथापि लोंबत्यांचे जनुक लोंबतेच देते. दुधाची परीक्षा कासेवरून आणि धारेवरूनच करावी लागते.

दाढीची गोष्ट अधिक रंजक आहे. ॲस्डेल आणि बुकॅनन स्मिथ यांनी शेळीचा रंग, दाढी, लोंबते आणि शिंगे यांच्या वारशावर १९२८ साली निबंध प्रसिद्ध केला. दाढीचे जनुक बोकडात प्रभावी आणि शेळीत अप्रभावी असते. बोकडाला त्याचा एक अंश मिळाला तरी दाढी येते, शेळीला मात्र दोन लागतात. म्हणून बिनदाढीची शेळी आपल्या मुलाला दाढी देऊ शकते. तिच्या अंगी तो गुण दिसत नव्हता, पण होता.

बोकडाच्या बाबतीत याच्या उलट बाजूचा विचार करावा. बोकड दूध देत नाही आणि विण्याचाही प्रश्न नाही. म्हणून दुधाशी व जुळ्यांशी त्याचा काही संबंध नाही, असा आपला समज असतो. वास्तविक त्याच्या मुलीला दुधाची अर्धी जनुके त्याच्याकडूनच मिळतात. बोकडाचे दूध पाहायचे असेल तर त्याच्या आईची कास पाहावी.

५. भुंडी शेळी

आता ज्या गुणाने प्रत्यक्ष नुकसान होते, त्याकडे वळू. आमच्या भागात बिनशिंगाच्या शेळीला भुंडी म्हणतात. भुंडी शेळी गरीब स्वभावाची, लेकरांना लागत नाही, दावणीत अडकत नाही, म्हणून बायांना ती आवडते. भुंडेपणा प्रभावी आणि शिंगे अप्रभावी असतात. एक अंश भुंडेपणाचा मिळाला तरी शिंगे येत नाहीत.

पण कधी कधी असे करडू जन्मते की, ते पाठ म्हणावे तर पाठ नाही, बोकड म्हणावे तर बोकड नाही. जन्मतः ते पाठीसारखे दिसले तरी वाढू लागल्यावर मान जाड होते, बोकडासारखी धिटाई येते. माजावर मात्र येत नाही आणि गाभण कधीच राहत नाही. खेड्यात यावर नाना तऱ्हेची बोलणी होतात. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी नवस चुकला म्हणतो, आणि शेवटी दोष येतो शेळी ज्या बाईची तिच्या पायगुणावर.

याचे कारण शास्त्राने शोधले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲस्डेल यांनी १९४४ साली दाखवले की, अशी करडे खरोखर जन्माने मादीच असतात आणि या दोषाचा संबंध भुंडेपणाच्या जनुकाशी असावा. फ्रान्समधील संशोधकांनी २००१ साली त्याचे मूळ शोधले. शेळीच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा सुमारे ११,७०० घटकांचा एक तुकडा भुंड्या शेळीत गळालेला असतो. पुढे २०२० साली असेही आढळले की, तिथे दुसरीकडचा एक मोठा तुकडाही घुसलेला असतो. या बदलामुळे शिंगे उगवत नाहीत. आणि हा बदल आई व बाप दोघांकडूनही आला, तर मादीच्या गर्भात अंडाशय घडवणारे शेजारचे जनुक आपले काम करीत नाही. मग तो गर्भ नराच्या वाटेने वाढू लागतो.

हिशेब करून पाहू. भुंडी शेळी आणि भुंडा बोकड, दोघांजवळही भुंडेपणाचा एकेक अंश आहे. त्यांना आठ करडे झाली असे धरा. सरासरीने दोन शिंगाची, चार एका अंशाची भुंडी आणि दोन दोन्ही अंशांची भुंडी. आठांत निम्म्या, म्हणजे चार माद्या. त्या चारांपैकी एकीच्या वाट्याला दोन्ही अंश येतात आणि ती वांझ निघते. ज्या घरात दोनच शेळ्या आहेत, तिथे एक पाठ वर्षभर सांभाळून ती वांझ निघणे म्हणजे वर्षाचा तोटा. दोन्ही अंशांच्या नरांतही काही बोकडांची वीर्यवाहिनी बंद राहून ते निकामी होतात.

उपाय अगदी सोपा आहे. भुंड्या शेळीला शिंगाचा बोकड द्यावा. मग कोणत्याच करडाला दोन्हीकडून भुंडेपणा येणार नाही आणि हा दोष उद्भवणार नाही. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. बोकडाच्या डोक्याकडे पाहिले की झाले. आणि ज्या बाईच्या घरी असे करडू जन्मले, तिच्या पायगुणाचा यात काही संबंध नाही, हेही गावात सांगता येईल.

६. न दिसणारे गुण

रंग, शिंगे, दाढी हे गुण एका-दोन जनुकांचे, म्हणून त्यांचा हिशेब बोटांवर होतो. परंतु ज्यावर घर चालते, ते वजन, दूध, काटकपणा, जुळी देणे हे गुण अनेक जनुकांचे असतात. त्यांत खाद्य, पाणी, आजार, आईचे वय यांचाही वाटा मिसळलेला असतो. वजनवाढीचा गुण बऱ्यापैकी वारशाने उतरतो. जुळ्यांचा गुण कमी उतरतो. त्यात शेळीच्या खाण्यापिण्याचा आणि तिच्या कितव्या वेताचा हिस्सा मोठा असतो.

क्वचित असा मोलाचा गुण एकाच जनुकात सापडतो. त्याचे उदाहरण शेळीचे नसून तिच्या बहिणीचे, मेंढीचे आहे आणि ते आपल्याच महाराष्ट्रातले आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातली गरोळ मेंढी लहानखुरी, पण दोन-तीन कोकरे देणारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळचा हा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम अनेक वर्षे चालवले. त्यामागचे जनुक कोणते, हे २००१ साली निश्चित झाल्यावर रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून कोणत्या मेंढीत ते आहे हे ओळखता येऊ लागले. त्यातून नारी सुवर्णा नावाचा मेंढीचा प्रकार तयार झाला. अंगाने दख्खनी, पण पुष्कळदा जुळी देणारी. बाहेरून पाहून ही मेंढी आणि साधी मेंढी यांतला फरक सहज सांगता येत नाही. मोलाचा गुण डोळ्यांना दिसला नाही, तो तपासून आणि नोंद ठेवून सापडला.

आपल्याजवळ रक्ताची तपासणी नसेल, पण नोंद ठेवायला कोणी अडवलेले नाही. कोणत्या शेळीने कोणत्या वेतात किती करडे दिली, त्यांतली किती जगली, तीन महिन्यांचे करडू वजनकाट्यावर किती भरले, एवढे शाळकरी पोराच्या वहीत लिहिले तरी दोन वर्षांत गावातली चांगली शेळी कोणती, हे कळून येईल.

७. उलटी निवड

बीजोत्पादनात सर्वांत चांगले झाड बियाण्यासाठी राखतात. शेळीत आपण नेमके उलटे करतो. एका शेळीच्या तीन बोकडांची गोष्ट कल्पून पाहा. पहिला अंगाने भरलेला, झपाट्याने वाढलेला. त्याला बकरी ईदच्या आधी चांगला भाव येतो, तो विकला जातो. दुसरा त्याच्या खालोखाल. तो जत्रेला कंदुरीसाठी जातो. तिसरा खुरटलेला, व्यापाऱ्याने नाकारलेला. तो मागे राहतो, आणि मागे राहिला म्हणूनच माजावर आलेल्या शेळ्यांना तोच लागतो. पुढची सगळी पिढी त्याची. असे दहा-वीस वर्षे चालले म्हणजे जात बिघडली असे आपण म्हणतो. जात आपोआप बिघडत नाही. तिच्यातले चांगले बी आपणच दरवर्षी बाहेर काढतो.

बोकडाचे महत्त्व किती, हे एका हिशेबाने ध्यानात येईल. शेळीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. एका शेळीला एका वेतात एक किंवा दोन करडे. पण एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. पंचवीस शेळ्यांना सरासरी दीड करडू धरले तरी एका फेरीत ३७ च्या आसपास करडे त्या एका बोकडाची होतात. वाईट शेळीचे नुकसान एका दावणीपुरते असते. वाईट बोकडाचे नुकसान साऱ्या आळीला भोगावे लागते.

दुसरे संकट जवळच्या नात्यातील संकराचे. एकच बोकड तीन-चार वर्षे गावात राहिला की तो आपल्याच मुलींना लागतो. त्याच्याजवळ एखादा अप्रभावी दोष लपलेला असेल, तर मुलीकडे तो जाण्याची शक्यता दोनात एक. आणि त्या दोघांच्या करडात दोन्ही बाजूंनी तो येण्याची शक्यता एकंदरीत आठांत एक. बाहेरच्या बोकडाकडे तो दोष नसला, तर हीच शक्यता शून्य. अशक्त करडे, न वाढणारी करडे, जन्मतः मरणारी करडे यांमागे पुष्कळदा हे कारण असते.

आता प्रश्न असा की, शेळी राखणाऱ्याला हे कळत नाही काय? पुष्कळांना कळते. परंतु पैसा ज्या महिन्यात लागतो, त्या महिन्यात बोकड विकावाच लागतो. मृगाआधी बी-भरण घ्यायचे असते, दवाखाना असतो, फी असते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी आईने दोन बोकड विकले. त्यांतला एक आमच्या आळीतला सर्वांत उमदा होता. त्याच्या आईने तीन वेतांत सहा करडे दिली होती आणि सहाही जगली होती. तो राहिला असता तर आळीतल्या वीस-पंचवीस शेळ्यांना त्याचा वंश मिळाला असता. पण त्याचा चारा आईने घालायचा, सांभाळ तिने करायचा आणि फायदा सगळ्या आळीने घ्यायचा, हे एकट्या बाईला परवडण्यासारखे नव्हते. चांगला बोकड राखण्याचा खर्च एका घराला पडतो आणि लाभ वीस घरांना होतो. उलट्या निवडीचे खरे मूळ अज्ञानात नसून या व्यवहारात आहे.

८. काय करता येईल

जे एका घराला जमत नाही, ते दहा घरांना जमेल. जवळजवळ प्रत्येक गावात आज बायकांचे बचत गट आहेत. गटातल्या दहा जणींच्या मिळून पंचवीस-तीस शेळ्या असतात. या शेळ्यांसाठी एक बोकड सामाईक राखावा. त्याचा चारा पाळीने घालावा किंवा सांभाळणारीला दर शेळीमागे ठरावीक रक्कम द्यावी.

बोकड निवडताना पाच गोष्टी पाहाव्यात. एक, त्याच्या आईने जुळी दिलेली असावीत व ती जगलेली असावीत. दोन, त्याची वाढ त्याच वेळी जन्मलेल्या इतर करडांपेक्षा चांगली असावी. तीन, शेळ्यांत भुंड्या असतील तर बोकड शिंगाचा असावा. चार, त्याची दोन्ही वृषणे सारखी व निरोगी असावीत. पाच, तो आपल्या कळपाच्या नात्यातला नसावा. रंगाचा क्रम यानंतर.

दोन वर्षे झाली की हा बोकड शेजारच्या गावच्या गटाला द्यावा आणि त्यांचा आपण घ्यावा. त्यामुळे बापलेकींचा संकर टळेल आणि पैसाही लागणार नाही. गावातले बाकीचे नर तीन-चार महिन्यांचे झाले की वेगळे बांधावेत किंवा खच्ची करावेत, कारण त्या वयानंतर ते शेळ्यांना लागू शकतात. पैदाशीच्या जनावरांसाठी राज्यात १९७८ साली मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते. आपल्या जवळचे त्याचे प्रक्षेत्र छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगावला आहे. जवळचा पशुवैद्यकीय दवाखानाही याबाबत मार्गदर्शन करू शकतो.

९. एक खबरदारी

मराठीत शेळीच्या प्रकारालाही जात म्हणतात आणि माणसाच्या समाजालाही जात म्हणतात. शब्द एकच असल्यामुळे विचारात गल्लत होते. ‘शेवटी बीज आहे’, ‘खाण तशी माती’ असे शेळीबद्दल बोलता बोलता लोक माणसाबद्दल बोलू लागतात. शेरडे राखणाऱ्याच्या पोराला पुस्तक काय कळणार, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

आनुवंशिकता या बोलण्याला आधार देत नाही. शेळीची जात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट गुणांसाठी जोड्या लावून घडवली. माणसाची जात समाजाने लादली, तिच्यामागे गुणांची निवड नाही. शिवाय शेळीतसुद्धा खुरटलेले करडू पाहून ‘बीच हलके’ असा निकाल देता येत नाही. त्याला आईचे दूध पोटभर मिळाले होते का, जंताचे औषध मिळाले होते का, हे आधी विचारावे लागते. उपाशी राहिलेल्या करडाचा दोष त्याच्या बियाण्याला देणे हे शास्त्र नव्हे. जो न्याय आपण करडाला लावतो, तेवढा तरी माणसाच्या लेकराला लावला पाहिजे.

समारोप

मेंडेलच्या वाटाण्याने दाखवलेली गोष्ट शेळीच्या रंगात, दाढीत आणि शिंगांत आपण पाहिली. अंगावर दिसते ते रूप आणि पुढे जातो तो वारसा, या दोन गोष्टी एक नाहीत. रूप पाहायला डोळे पुरतात, वारसा पाहायला वही लागते. आपल्या वर्गातील ज्यांच्या घरी शेळ्या आहेत, त्यांनी या सुट्टीत घरी गेल्यावर एक वही करावी. प्रत्येक शेळीचे नाव, तिची आई, तिची वेते, करडांची संख्या आणि शक्य असेल तर करडाचा बाप, एवढे लिहून ठेवावे. हे सगळे आपल्या आयांच्या डोक्यात असतेच. त्यांना लिहिता येत नाही, आपल्याला येते. ज्यांच्या शेळ्यांनी आपल्याला वहीपर्यंत आणले, त्यांची माहिती त्या वहीत प्रथम उतरावी, हे योग्यच होईल.